समुद्रानं नेलेलं तापी भुवन

आमच्या गावच्या किनाऱ्यावर एक जुनं हॉटेल आहे. आता त्याच्या पाटीवर ‘द तापी’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘हेरिटेज’. गाव मात्र त्याला अजून तापी भुवनच म्हणतं. कोकणातल्या इमारतीला खानदेशातल्या नदीचं नाव कसं, असा प्रश्न पाहुण्यांना पडू नये म्हणून हॉटेलच्या माहितीपत्रकात एक तपस्वी आणून बसवला आहे. तो म्हणे समोरच्या खडकावर तप करायचा, त्यावरून तापी. मी त्याच खडकावर कालवं काढत लहानाची मोठी झाले. तिथं भरतीच्या वेळी तप करायचं तर नाकाला नळी लावून करावं लागेल.

तपस्व्याच्या खालोखाल गव्हर्नर. इमारत एका इंग्रज गव्हर्नरच्या विश्रांतीसाठी बांधली, असं पत्रक सांगतं. कोणत्या गव्हर्नरच्या ते सांगत नाही. आणि छप्पर सपाट आहे म्हणून शैली ‘भूमध्यसागरी’. आमच्याकडे सपाट छप्पर म्हणजे डोक्यावर बांधलेलं तळं. हे छप्पर इतकं गळायचं की पुढं कुणीतरी शहाण्यानं त्याच्यावर कौलं चढवली. हल्लीच्या कंपनीनं शैलीसाठी ती उतरवली, आणि आता पावसाळ्यात ‘डागडुजीसाठी बंद’ अशी पाटी लागते.

मी पोटासाठी इतिहास लिहिते. पतपेढ्यांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, कारखानदारांच्या वडिलांची चरित्रं. खोटं बोलणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, पण निदान बेतानं बोलावं. कंपनीनं मला हॉटेलचा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मी एकच अट घातली, की खानदेशात जाऊन येईन. कंपनीचे तरुण साहेब म्हणाले, “जा ना. पण तिकडे काय मिळणार? गव्हर्नरचं काहीतरी बघा.” परतल्यावर मी जे लिहून दिलं ते त्यांनी छापलं नाही. त्यांचा तपस्वी अजून खडकावर आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

जळगाव

खानदेश म्हणजे भट्टी, असं मला प्रत्येकानं बजावलं होतं. बजावणाऱ्यांपैकी एकही जानेवारीत तिथं गेलेला नव्हता. पहाटे जळगाव स्टेशनावर उतरले तेव्हा अंगावर सुती साडी आणि दात वाजत होते. बाजार उघडल्या-उघडल्या पहिल्या दुकानात शिरले. माझ्या मापाचा एकच स्वेटर होता, कुठल्याशा शाळेच्या गणवेशातला, मरून रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा. पुढचा सगळा प्रवास मी तो घालून केला. पन्नाशी उलटलेली, दहावीत अडकून पडलेली विद्यार्थिनी दिसत होते.

त्याच वेषात अरविंदभाऊंच्या बंगल्यावर गेले. अरविंदभाऊ हे तापी भुवन बांधणाऱ्या उखाआबांचे नातू. त्यांच्या वडिलांनी हॉटेल कंपनीला विकलं. बंगल्यासमोर हिरवळ होती, आणि तिच्यावर बसायला मनाई असल्यासारखे सगळे आत बसले होते. भिंतीवर आबांचं मोठं रंगीत चित्र. अंगात कोट, हातात छडी, आणि चेहऱ्यावर ‘हा कोट कुणाचा’ असा भाव.

“आजोबा फार मोठे माणूस होते,” अरविंदभाऊ म्हणाले. “गव्हर्नर त्यांचे खास मित्र. त्यांच्यासाठीच बांधलं ते.”

“छप्पर सपाट का ठेवलं त्यांनी?”

“त्यांना इटालियन आर्किटेक्चर आवडायचं.”

“इटलीला गेले होते?”

“मनानं,” अरविंदभाऊ म्हणाले. हे उत्तर मी जपून ठेवलं आहे.

घरात आणखी कोणाला जुनं आठवतं का, असं विचारलं तर ते हसले. “फॅमिली म्हणजे आता मीच हो. बाकी कुणी राहिलं नाही.”

जेवायला पांढऱ्या रश्शातल्या मैद्याच्या नळ्या होत्या, पास्ता म्हणतात तो. इटलीचा मनानं केलेला प्रवास इथंही चालू होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होतं. त्या भरिताच्या वांग्यांचा खरपूस वास खिडकीतून येत होता आणि मी नळ्या गिळत होते. संध्याकाळी स्टेशनाजवळ जाऊन भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली. आम्ही वांग्यात नारळ घालतो आणि वर गप्पा मारतो की मसाला आम्हाला कळतो. त्या भरितात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे, एवढंच. नारळाची आठवणसुद्धा झाली नाही, हे मी गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बोदवड

आबांचा जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बोदवडला होता, एवढं अरविंदभाऊंकडून कळलं होतं. “तिथं आता काही नाही, वेळ जाईल,” असंही ते म्हणाले होते, म्हणून गेले. वाटेत केळीच्या बागांना थंडी लागू नये म्हणून कडेनं कापड बांधलेलं होतं. केळींना स्वेटर होता, तोही माझ्यापेक्षा बरा.

जिनच्या जागी गोडाऊन उभं राहिलं होतं. समोरच्या ओट्यावर ऊन खात एक म्हातारबाबा बसले होते. मी उखाआबांचं नाव काढलं.

“इथी आता काई नाही राह्यलं, ताई,” ते म्हणाले. “माह्या बापानं त्यायच्या जिनात काम केलं. चांगला माणूस. समुद्रावर घर बांधलं व्हतं त्यायनं, आमच्यासारख्यायसाठी. माहा बाप बी जाऊन आला.”

“तुमचे वडील? तापी भुवनात?”

“हो. पीठ घेऊन जायचे, तिथीच चूल मांडायची. पन बुडालं ना ते. समुद्रानं नेलं.”

मला वाटलं, वय झालंय, दुसऱ्या कशात गल्लत करताहेत. मी निघताना त्या इमारतीच्या फाटकासमोरूनच बसमध्ये बसले होते. पण जाता जाता ते आणखी एक बोलले, “भडगावले त्यायच्या थोरल्या पोराचं घर हाय. सुकलालनानाले विचारा, ते सांगतीन.”

म्हणजे फॅमिलीत अरविंदभाऊंखेरीजही कुणी राहिलं होतं तर.

भडगाव

भडगाव गिरणेच्या काठी आहे. नानांच्या घराशी पोचले आणि दारातच थबकले. घर धाब्याचं होतं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. भिंतीला लागून वर चढणारा अरुंद जिना, लांब वसरी, म्हणजे ओसरी, कोपऱ्यात गोल खिडकी. ही इमारत मी लहानपणापासून रोज पाहत आले होते, फक्त ती दुप्पट मोठी होती आणि तिच्यासमोर समुद्र होता. भूमध्य समुद्र शोधत कुणाला इटलीपर्यंत जायची गरज नव्हती. आबांनी आपल्या गावचं घर उचलून आमच्या किनाऱ्यावर ठेवलं होतं. पाऊस किती पडतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, किंवा त्यांनी विचारलं नसावं.

सुकलालनाना, आबांच्या थोरल्या मुलाचे चिरंजीव, ऐंशीच्या आसपासचे. पांढरं धोतर, कानाला मफलर. त्यांनी माझ्या शाळेच्या स्वेटरकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली.

“या, बठा ताई. पानी पेवा. कथाईन उनात?”

मी गावाचं नाव सांगितलं. नानांचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला.

“त्या गावथून? आमनं घर व्हतं तठे. समिंदर लई गया.”

बोदवडचे म्हातारबाबा गल्लत करत नव्हते.

मी काही बोलायच्या आत नाना सांगू लागले. उखाआबा कापसाच्या सौद्यासाठी मुंबईला गेले आणि तिथं त्यांनी समुद्र पाहिला. परत येऊन सांगितलं तर घरात कुणाचा विश्वास बसेना. म्हणून पुढच्या खेपेला आईला घेऊन आगबोटीनं थेट आमच्या किनाऱ्यावर उतरले. म्हातारीनं वाळूत उभं राहून बराच वेळ पाहिलं.

“आनि इचारं,” नाना म्हणाले, “इतलं पानी! मंग आठे पिकस काय?”

“काय म्हणाले आबा?”

“काहीच नही माय, खारं शे. ते मायनी सांगं, मंग काय कामनं? चाल घर.”

एवढ्या तुच्छतेनं समुद्राकडे पाहणारं दुसरं माणूस मला ठाऊक नाही. पण आबांचं मन बसलं ते बसलंच. त्यांनी जागा घेतली, घर बांधलं आणि आपल्या नदीचं नाव दिलं. कपाशी वेचून झाली की खानदेशातलं कुणीही तिथं येऊन राहावं. पीठ, डाळ, मिरची आपापली आणायची. वसरीत चुली पेटायच्या. आजारी माणूस हवापालटाला यायचा, नवी सून समुद्र पाहायला यायची. नाना स्वतः तिथं पोहायला शिकले. एक इंग्रज अधिकारी एकदा दारात आला होता, तो रस्ता चुकून. त्याला शेवभाजी वाढली तर तो डोळे पुसत गेला. गव्हर्नर म्हणून जो कुणी असेल तो हाच.

“मंग आबा गयात. काका दखे ते घर. एक वरीस वादळ उनं, आनि काकाना निरोप उना. घर गयं. काहीच ऱ्हायनं नही, कोनी येवू नका.”

काका म्हणजे अरविंदभाऊंचे वडील.

“मनी मायनी बठ्ठासले आंघोळ कराले लायी,” नाना म्हणाले. “घरना माणूस गया तश्शी.”

सूनबाईंनी ताट आणलं होतं. मी ताटाकडे पाहत बसले. सांगावं की नाही, याचा मी विचार केला असं म्हणायला मला आवडेल. पण तेवढा वेळ मी घेतला नाही. ज्या खोटेपणाला लोक पाट मांडून बसवतात त्याची मला चीड आली होती. मी म्हणाले, “नाना, ते पडलेलं नाही.”

“काय?”

“घर उभं आहे. तिथं हॉटेल चालतं.” आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

“जुना फोटो व्हई.”

“निघायच्या दिवशी काढलाय मी.”

नानांनी सुनेकडून चष्मा मागवला. काचेवर बोट ठेवून ते एकेक वस्तू ओळखत गेले. “हाऊ जिना. हाई वसरी. हाई खिडकी...” बोट फोटोच्या कडेला पोचलं आणि थांबलं. सूनबाई, माझ्या हातातलं ताट, अंगणातली शेळी, सगळं जिथल्या तिथं.

“माय ते गयी,” नाना म्हणाले. “आते कोनले सांगू?”

मी ताटातली शेवभाजी एका दमात संपवली, कारण दुसरं काय करावं सुचेना. त्या तिखटानं रात्रभर जागवलं, ते मी शिक्षा म्हणून सोसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना धुतलेले कपडे घालून ओसरीत उभे. मुलगा वकिलाकडे जायचं म्हणत होता. तो त्यांचा विषय, मी त्यात शिरत नाही. नानांना आधी जळगावला जायचं होतं.

पुन्हा जळगाव

अरविंदभाऊंनी दारात नानांना पाहिलं आणि चेहऱ्यावर हसू आणायला त्यांना थोडा उशीर झाला.

“नाना! अहो, कळवायचं तरी. बसा ना. पाणी आणा रे!”

नाना बसले नाहीत. “अरविंदा, तापी भुवन उभं शे.”

अरविंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वेटरच्या पट्ट्या मोजल्या.

“तुना बापनी सांगं समिंदर लई गया. तुले माहीत व्हतं?”

“मी तेव्हा कॉलेजात होतो, नाना.”

“आते ते तू कॉलेजमा नही.”

पाणी आलं. ट्रेमध्ये काचेचे पेले, त्यांच्यावर कागदी झाकणं. कुणी हात लावला नाही. अरविंदभाऊ खिडकीशी गेले, आपल्या हिरवळीकडे पाहून बोलू लागले. “खरं सांगू? तेव्हा तिथं मुंबईचे लोक यायला लागले होते. खोल्या भाड्यानं जायच्या. आणि तुम्ही सगळे दरवर्षी पिठाच्या गोण्या घेऊन यायचात. वसरीत चुली, धूर, बायका जोरजोरानं बोलायच्या. गिऱ्हाइकं विचारायची, हे कोण? वडील काय सांगणार? येऊ नका असं आपल्या माणसांना तोंडावर कसं सांगायचं?”

“म्हनीसन समिंदरनं नाव सांगं.”

“जुन्या गोष्टी आहेत, नाना.”

“तुमले आमनी लाज वाटनी.”

अरविंदभाऊंनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “वडिलांना वाटली असेल.”

मला वाटलं होतं, पैशासाठी केलं असेल. पैशासाठी केलेली लबाडी निदान समजते. इथं एका माणसानं आपल्या भावजयीला मेलेल्या घराची आंघोळ करायला लावली, कशासाठी, तर तिच्या भाकरीचा धूर चार परक्या नाकांत जाऊ नये म्हणून. आणि त्याचा मुलगा भिंतीवर आजोबाला कोट चढवून बसला आहे.

नाना वळले आणि पाण्याला न शिवता बाहेर पडले. खानदेशात कुणाच्या घरून पाणी न पिता निघणं याचा अर्थ अरविंदभाऊंनाही कळत होता. त्यांनी मला दाराशी थांबवलं. “ताई, हे पुस्तकात नको. फॅमिली मॅटर आहे.”

“फॅमिली म्हणजे तुम्हीच ना?” मी म्हणाले. “परवा तसं म्हणाला होतात.”

धुळे

नानांच्या मोठ्या बहिणीला, सरूअक्कांना, हे सांगायचं होतं. त्या धुळ्याला मुलाकडे राहतात. बसमध्ये नाना एकच वाक्य बोलले, “अक्का भलती रडी.” त्यांना तिची काळजी वाटत होती.

सरूअक्का दारातल्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, नऊवारी, नाकात चमकी. नानांनी शेजारी बसून सगळं सांगितलं. काकांचा निरोप, माझा फोटो, अरविंदाचं बोलणं. अक्कांची बोटं चालत राहिली. दाणे ताटात पडत राहिले.

“तुले काहीच वाटनं नही?” नानांनी विचारलं.

“माले माहीत शे,” अक्का म्हणाल्या.

“कधळपासून?”

“माय जित्ती व्हती तवयपासून.”

अक्कांचे यजमान एस.टी.त होते. एका लग्नाच्या गाडीबरोबर ते कोकणात गेले आणि तापी भुवन डोळ्यांनी पाहून आले. अक्कांना सांगितलं. अक्कांनी ते पोटात ठेवलं.

नाना उठून उभे राहिले. जळगावला ते इतके रागावले नव्हते. “त्या ते परका. तू मनी बहीन शे! माले नही सांगं?”

“तुले सांगतू ते तू मायले सांगता. माय रडी चुकनी व्हती. आखो काबर रडावू तिले?”

“आनि माय गयी तेन्हा मांगे?”

अक्कांनी ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं, त्यांनी उरलेलं सांगितलं. गल्लीतल्या बायकांनी गाडी करून कोकणातली देवळं पाहायला जायचं ठरवलं तेव्हा अक्काही गेल्या. आमच्या गावात गाडी चहाला थांबली. बाकीच्या चहा पीत होत्या, तेवढ्यात अक्का एकट्या चालत फाटकाशी गेल्या. रखवालदारानं विचारलं, “कुणाकडे काम आहे?”

“मी सांगं, कोनकडेच नही,” अक्का म्हणाल्या. “आनि मांगे फिरी उनू.”

नाना रस्त्यावर निघून गेले. दुपारचं ऊन होतं, समोर एक माणूस उसाच्या रसाचा चरक धूत होता. नाना त्याच्याकडे पाहत उभे राहिले. अक्का आत जाऊन वरण फोडणीला टाकू लागल्या. मी मधल्या उंबऱ्यावर. मला वाटलं, आता नाना इथलंही पाणी न पिता जाणार, आणि याला कारण मी आणि माझा फोन. लिहायला आलेल्या बाईनं लिहून गप्प बसावं, पण आमच्यासारख्यांना तेवढं कुठलं जमायला.

गव्हाच्या बट्ट्या तळून झाल्या तेव्हा नाना आत आले. हात धुतले, भिंतीला टेकून बसले. अक्कांनी ताट वाढलं. नानांनी बट्टी कुस्करली, वरण ओतून घेतलं, वर तूप घेतलं. अर्धं जेवण झाल्यावर नाना ताटाकडे पाहत म्हणाले,

“इतला वरीस मी समिंदरले शिव्या दिध्यात. पोरेसले बी तठे जाऊ दिधं नही. नातूनी शाळानी सहल गयी, त्याले घर बठाडं.”

अक्का वरणाचं भांडं धरून उभ्या.

“समिंदरनी ते काहीच करं नही,” नाना म्हणाले.

“मंग?”

“मंग काय. जावानं शे माले.”

“मी बी येसू,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक बट्टी टाकली. नाना नको म्हणाले नाहीत.

माघात दोघं आमच्याकडे आली. माझ्याच घरी उतरली. किनाऱ्यावर जायला हॉटेलच्या फाटकावरून जावं लागतं. मी विचारलं, आत जायचंय का, मी मॅनेजरला ओळखते. नानांनी मानही वळवली नाही. वाळूत चपला काढून, धोतर वर खोचून ते सरळ पाण्याकडे निघाले. अक्का थोड्या मागं, पदर दातांत धरून.

लाट नानांच्या पोटऱ्यांपर्यंत आली. ते वाकले, ओंजळ भरून घेतली, सोडली, आणि हात जोडून काहीतरी पुटपुटले. बराच वेळ पुटपुटत होते. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. ते माझ्याशी बोलत नव्हते.